भोपाळ १९८४: पडद्यावरची रात्र आणि अहवालांतली रात्र

कागदफूल

भोपाळच्या वायुकांडावर पडद्यावर आणि कादंबऱ्यांत जे आलं ते एका बाजूला, आणि चौकशी अहवाल, कामगारांचं लेखन, न्यायालयाचे कागद दुसऱ्या बाजूला. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर फरक नेमका कुठे पडतो, यासाठी हा धागा. ‘कोणती मालिका बघू’ यासाठी नाही, त्याचे धागे पोत्याने आहेत.

कल्पित बाजूला मी धरलेत ‘भोपाल एक्सप्रेस’ (१९९९), ‘भोपाल: अ प्रेयर फॉर रेन’ (२०१४), ‘द रेल्वे मेन’ (२०२३, चार भाग) आणि इंद्र सिन्हांची कादंबरी ‘अ‍ॅनिमल्स पीपल’ (२००७). समोरच्या बाजूला कारखान्याची मालक अमेरिकन कंपनी युनियन कार्बाइडचा मार्च १९८५ चा अहवाल, सरकारी वरदराजन समितीचा डिसेंबर १९८५ चा अहवाल, कंपनीने नेमलेल्या सल्लागार संस्थेचे कलेलकर यांनी १९८८ मध्ये लंडनच्या परिषदेत वाचलेला निबंध, आणि जो विषारी वायू सुटला त्या मिकच्या युनिटमध्येच काम केलेल्या टी. आर. चौहान यांचं १९९४ चं पुस्तक. लापिएर आणि मोरो यांचं पुस्तक या दोन बाजूंमधल्या कुंपणावर बसलंय, त्याचं शेवटी बघू.

तिन्ही दृश्यकृतींचा जीव २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या काही तासांत अडकलेला आहे. अहवाल वाचायला घेतले की ती रात्र आकसत जाते आणि मागचे सहा महिने फुगत जातात. शेवटी हातात यादी उरते ती काय काय जागेवर नव्हतं याची. आता नसलेली वस्तू कॅमेऱ्याला दाखवता कशी येणार? माझ्या मते सगळ्या फरकाचं मूळ इथे आहे.

(अवांतर: १९९९ च्या चित्रपटात कारखान्यातला माणूस झालेले के के मेनन २०२३ मध्ये स्टेशन मास्तर झालेत. चोवीस वर्षांत कारखान्यातून स्टेशनावर, म्हणजे कथेचा केंद्रबिंदूही तेवढाच सरकला.)

---

झडपवाला

सहमत. ती यादी आधी पुरी करतो, नाहीतर पुढची चर्चा हवेत राहील.

मिथाइल आयसोसायनेट, कामगारांच्या तोंडी ‘मिक’, साधारण ३९ अंश सेल्सिअसला उकळतं. म्हणून ते शून्याच्या आसपास थंड ठेवायचं. त्यासाठीचं शीतकरण यंत्र जून १९८४ मध्ये बंद केलं आणि त्यातला फ्रिऑन, म्हणजे थंड करणारा वायू, कारखान्यात दुसरीकडे वापरायला काढून घेतला. टाकीचं तापमान ११ अंशांच्या वर गेलं की इशारा वाजायची सोय होती. टाकी कायमच त्याहून गरम राहायला लागल्यावर त्या इशाऱ्याला अर्थच उरला नाही.

टाक्या तीन: ई-६१०, ई-६११, ई-६१९. तिसरी रिकामी ठेवायची, म्हणजे एखादीत काही बिघडलं तर माल तिच्यात वळवता येतो. त्या रात्री तिचा पातळीमापक ती वीसेक टक्के भरलेली दाखवत होता, त्यामुळे माल वळवायला कोणी धजलं नाही. प्रत्यक्षात तिच्यात अगदी थोडं मिक होतं.

गळती झाली त्या ई-६१० मध्ये होतं सुमारे ४१-४२ टन. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून या टाकीत नायट्रोजनचा दाब टिकत नव्हता. हा मुद्दा चित्रपटवाल्यांच्या गावीही नसतो, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा आहे. आतून थोडा दाब असेल तर बाहेरचं काही आत शिरत नाही. तो दाब गेला की टाकी म्हणजे कडी नसलेलं दार.

आता बाहेर पडणाऱ्या वायूला अडवणाऱ्या गोष्टी. स्क्रबर, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने वायू धुणारा मनोरा, मिकचं उत्पादन थांबल्यामुळे ‘स्टँडबाय’वर होता. चालू असता तरी तो किरकोळ वायूसाठी बेतलेला होता, टाकी उसळल्यावर काय कामाचा? फ्लेअर टॉवरवर वायू जाळून टाकता आला असता, पण तिकडे जाणाऱ्या नळीचा गंजलेला तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. राहिले पाण्याचे फवारे. वायू सुटत होता तीसेक मीटर उंचीवरून आणि फवारे पोचत होते त्याच्या निम्म्यापर्यंत.

माणसांचंही तेच. मिक युनिटच्या पाळीत आधी १२ ऑपरेटर असत, ते ६ झाले होते. रात्रपाळीचा देखभाल पर्यवेक्षक ही जागा दुर्घटनेच्या आठवडाभर आधी काढून टाकली होती.

यातला कोणता प्रसंग चित्रित करणार? फ्रिऑन काढतानाचा? तो जूनमधला एक कंटाळवाणा दिवस होता.

---

ओवी

कंटाळवाणा दिवसही लिहिता येतो, झडपवाला. कादंबरीला ते जमतं, मालिकेला प्रायोजक लागतो.

काटा हलतो आणि माणूस दचकतो, हा तर या कृतींचा आवडता प्रसंग. अहवालांत त्या काट्याचं काय?

---

झडपवाला

काट्याची खरी गोष्ट दचकण्याच्या बरोबर उलटी आहे.

रात्री १०:२० ला ई-६१० चा दाब २ पीएसआय (दाब मोजायचं एकक) नोंदला गेला. पावणेअकराला पाळी बदलली. ११ वाजता नव्या पाळीला दिसला १०. टाकीचा नेहमीचा दाब २ ते २५ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. त्यामुळे १० बघून कोणाला काही वावगं वाटलं नाही. अर्ध्या-पाऊण तासात दाब पाचपट झालाय हे कळायला आधीच्या पाळीची नोंद शेजारी ठेवून बघावी लागते, आणि नेमक्या पाळी बदलताना ते राहून गेलं.

साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरायला लागले. तिथे ते नित्याचं होतं. गळती शोधली, एका ठिकाणी थेंब दिसले, आणि चहा झाल्यावर बघू असं ठरलं. सव्वाबाराला दाब ३० आणि मग बघता बघता ५५, म्हणजे मापकाचं शेवटचं टोक. सुरक्षा झडप ४० ला उघडते. पाऊण वाजायच्या आसपास वायू बाहेर होता, आणि दोनच्या सुमारास झडप बसली तोवर टाकी बरीचशी मोकळी झाली होती.

चहाचा प्रसंग सगळ्यांना आवडतो, कारण त्यात माणसाचा दोष दिसतो. पण रोजच डोळ्यांतून पाणी येणाऱ्या जागी डोळ्यांतून पाणी आलं तर चहा सोडून कोण उठेल?

---

नवाकोरा

बाळबोध प्रश्न विचारतो, हसू नका. मालिका बघितली, अर्धा विकिपीडिया वाचला, तरी टाकीत पाणी गेलं कसं ते कळलं नाही. आणि थोडंसं पाणी गेल्याने स्फोट होण्याइतकं काय होतं?

---

झडपवाला

हसायचं काय त्यात, चाळीस वर्षं लोक यावरच भांडताहेत.

आधी पाणी किती ते. कंपनीच्या स्वतःच्या अहवालाप्रमाणे सुमारे ४५० ते ९०० किलो, म्हणजे दोन ते पाच पिंपं धरा. मिक आणि पाणी यांच्यातून मिथाइल अमाइन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि भरपूर उष्णता. समीकरणात एकास एक धरलं तर ५०० किलो पाणी थेट दीड टनाच्या आसपास मिक खातं. मग उरलेल्या चाळीस टनांना कशाने चेतवलं? त्या उष्णतेने, आणि लोहाने. त्या मालात क्लोरोफॉर्म मर्यादेपेक्षा बरंच जास्त होतं. गरम झाल्यावर त्यामुळे पोलाद गंजलं, लोह सुटलं, आणि मिकचे रेणू एकमेकांना जोडले जायची साखळी सुरू झाली. तीही उष्णता सोडते. आतलं तापमान २०० अंशांच्या वर गेलं. म्हणजे पाणी ही काडी, गवत आधीच वाळलेलं.

आता पाणी आलं कुठून. कामगारांची बाजू अशी: त्या रात्री फिल्टरजवळच्या नळ्या पाण्याने धुवायचं काम चालू होतं. अशा कामात पहिली पायरी ‘स्लिप ब्लाइंड’ टाकण्याची. ही पोलादी चकती, दोन फ्लँजांच्या, म्हणजे नळ्यांच्या जोडावरच्या कड्यांच्या, मध्ये सरकवून बोल्ट आवळायचे, की पाणी पुढे जाणं बंद. नुसत्या झडपेवर विसंबायचं नसतं, कारण जुनी झडप पाझरते. ब्लाइंड टाकायचं काम देखभाल खात्याचं. ते टाकलं गेलं नाही. धुताना चार निचरा-तोंडांतून पाणी यायला हवं होतं, आलं तिनांतूनच. धुणाऱ्याने पाणी थांबवून कळवलं, त्याला चालू ठेवायला सांगितलं गेलं. तुंबलेलं पाणी चढत चढत सुरक्षा झडपांच्या समाईक नळीत गेलं, तिथून त्याच वर्षी टाकलेल्या जोडनळीतून, जिला ते ‘जंपर लाइन’ म्हणतात, दुसऱ्या नळीत उतरलं, आणि दाब नसलेल्या ई-६१० मध्ये शिरलं.

कंपनीची बाजू: हे सगळं अशक्य, कोणीतरी नाराज कामगाराने टाकीवरचा दाबमापक काढून तिथे रबरी नळी जोडली.

स्फोटाचं म्हणालात, त्यावर नंतर येतो.

---

ओवी

या धाग्यावर मला जे म्हणायचं होतं त्याला झडपवालांनी आयतं दार उघडून दिलं.

कंपनीची हीच बाजू मांडणारा कलेलकरांचा १९८८ चा तो निबंध एकदा तांत्रिक लेखन म्हणून न वाचता रहस्यकथा म्हणून वाचून बघा. एक नाराज माणूस आहे, त्याला नाव नाही. हत्यार आहे, रबरी नळी. गायब झालेली वस्तू आहे, दाबमापक. नोंदवहीत खाडाखोड केल्याचा संशय आहे. आणि साक्षीदार म्हणून चक्क चहा देणारा पोरगा आहे, त्याला त्या वेळी खोलीतलं वातावरण ताणलेलं आणि गप्प गप्प वाटलं होतं! ‘वातावरण ताणलेलं होतं’ हे वाक्य अभियांत्रिकीच्या परिषदेत वाचल्या गेलेल्या निबंधात आहे, मालिकेच्या पटकथेत नाही.

आपण सगळे मालिकेवर तुटून पडतो की यांना खलनायक लागतो, एक रात्र लागते, एक हात लागतो. तो निबंध नेमकं तेच करतो. शीतकरण, स्क्रबर, फ्लेअर, पाळीतली कपात हे सगळं मागच्या पडद्यावर ढकलून एका निनावी माणसाच्या हाताकडे प्रकाशझोत वळवतो. कल्पित आणि अकल्पित यांतली रेघ ग्रंथालयाच्या कपाटांत असते, लिखाणात नसते.

---

झडपवाला

निम्मं मान्य. उरलेल्या निम्म्यावर आक्षेप आहे, कारण तो निबंध ‘कथा’ म्हणून उडवून लावणं फार सोपं होईल.

त्यातले काही मुद्दे भौतिक आहेत आणि त्यांना उत्तरही भौतिकच द्यावं लागतं. पाण्याला इतकं अंतर आणि चढ पार करायला पुरेसा दाब होता का? नंतर त्या मार्गावरच्या नळीला भोक पाडून पाहिलं तेव्हा ती कोरडी निघाली, ती का? मधल्या झडपा बंद नोंदलेल्या होत्या, मग त्या सगळ्या एकदम पाझरल्या का? हे प्रश्न रास्त आहेत. चौहान यांनी नळ्यांचे आराखडे घेऊन दुसऱ्या बाजूने उत्तरं मांडली आहेत आणि कुठली झडप आधीपासून गळत होती याकडे बोट दाखवलंय. दोन्ही वाचल्यावरच बोलावं.

मात्र तुमच्या मुद्द्याला माझ्याकडून एक जोड. समजा, नळीच लावली होती. तरी एका माणसाला एका नळीने हे करता यावं, अशी टाकी ठेवली कोणी? नळी कोणी लावली यावरून फ्रिऑन कोणी काढला हे बदलत नाही. मे १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच तपासणी पथकाने ६१ धोके लिहून दिले होते, त्यांतले ३० गंभीर.

---

लूपलाइन

रेल्वेच्या बाजूने थोडं. ‘द रेल्वे मेन’ला जोडूनच, कारण बाकीच्यांनी या अंगाला हातच लावला नव्हता आणि त्याचं श्रेय मालिकेला द्यायला हवं.

तेव्हा भोपाळ मध्य रेल्वेत होतं, मुख्यालय मुंबईत व्हीटीला. पश्चिम मध्य रेल्वे २००३ ची. म्हणून मालिकेत माधवन मध्य रेल्वेचे महाव्यवस्थापक आहेत. इथल्या एका धाग्यावर ‘भोपाळशी मध्य रेल्वेचा काय संबंध’ असं छातीठोक विचारलं होतं, त्याचं हे उत्तर.

स्टेशन कारखान्यापासून जेमतेम एक-दोन किलोमीटरवर आणि नेमकं वाऱ्याच्या दिशेत. उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्यूटीवर होते. फलाटावर गोरखपूरची गाडी उभी होती, सुटायला सुमारे वीस मिनिटं होती. ती त्यांनी ताबडतोब सोडायला लावली, आणि विदिशा व इटारसीकडे निरोप देऊन भोपाळकडे येणाऱ्या गाड्या अडवायला सांगितलं.

पडद्यावर हे धावपळ, आरडाओरडा, हिरवा कंदील असं दिसतं. खरं धाडस त्या कंदिलात नाही. प्रवासी गाडी जाहीर वेळेआधी सोडायची नाही, हा मुळातला नियम. त्यात पुढच्या स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’, म्हणजे पुढची वाट मोकळी असल्याचा निरोप, मिळाल्याशिवाय स्टार्टर सिग्नल पाडता येत नाही. म्हणजे पुढचा माणूस जागेवर आणि शुद्धीवर हवा, ड्रायव्हर आणि गार्ड दोघांना पटायला हवं, आणि नियम मोडल्याची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर पडायला हवी. ती दस्तगीरांनी स्वतःवर घेतली. ‘माझी जबाबदारी’ एवढं म्हणणं हे रेल्वेत फार मोठं वाक्य आहे. ते चित्रित करायला नियमपुस्तक आधी समजावून सांगावं लागतं, आणि तेवढा धीर पटकथेला नसतो. म्हणून मग गाडीत दरोडेखोर, नोव्हेंबरमधल्या शीखविरोधी दंगलींचं उपकथानक, असं एकेक आत चढतं. एकाच गाडीत १९८४ चं सगळं वर्ष कोंबलंय.

त्या रात्री स्टेशनावरचे कित्येक कर्मचारी ड्यूटीवरच गेले, स्थानक अधीक्षक हरीश धुर्वेही. दस्तगीर वाचले, पण त्या वायूने तब्येत कायमची खिळखिळी केली. २००३ मध्ये ते गेले.

---

नाडीपरीक्षा

वायूबद्दल चार गोष्टी. पडद्यावर या हमखास चुकतात आणि चुकल्यामुळे अर्थही बदलतो.

रंग. मिकला रंग नाही. दमट हवेत पांढुरकं धुकं दिसू शकतं. वाचलेल्या लोकांनी सांगितलं ते ‘कोणीतरी मिरच्या जाळतंय’. मिरच्यांची धुरी पडद्यावर दिसत नाही, म्हणून ढग रंगवले जातात. पण ढग दिसला असता तर लोक उलट्या दिशेला पळाले असते!

वास. कामाच्या जागी मिकची मान्य मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत ०.०२ भाग. नाक आणि डोळे जागे होतात २ भागांच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या शंभरपट झाल्यावर. कामगार डोळ्यांतल्या पाण्यावरून गळती ओळखत, म्हणजे उशीर ठरलेलाच.

वजन. रेणुभार ५७, हवेचा सरासरी २९, म्हणजे जवळजवळ दुप्पट जड. डिसेंबरची थंड रात्र, वारा मंद, वर उबदार हवेचं झाकण. ढग जमिनीलगत जयप्रकाश नगर, काझी कँप, छोला अशा वस्त्यांमधून सरकत गेला. जमिनीवर झोपलेल्यांना आणि लहान मुलांना जास्त मिळाला.

पळणं. पळणारा माणूस बसलेल्याच्या कितीतरी पट हवा आत घेतो. ओलं फडकं तोंडावर धरून वाऱ्याला आडवं चालत जाणं किंवा खोलीत फटी ओल्या कापडाने बुजवून बसणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडला असता, कारण मिक पाण्याशी अभिक्रिया करतं. हे सांगायला भोंगा आणि एक माणूस पुरेसा होता. भोंग्याचं काय झालं? बाहेरचा भोंगा वाजवून थोड्याच वेळात बंद केला, नंतर वाजला तो दोनच्या सुमारास. कारखान्यातले बहुतेक कामगार वाऱ्याच्या उलट दिशेला गेले आणि वाचले, कारण त्यांना दिशा माहीत होती. मला विचाराल तर सगळ्या कांडातली सगळ्यात चित्रित करण्याजोगी गोष्ट हीच: भोंगा वाजून थांबणं.

आता उताऱ्याविषयी. मालिकेत सोडिअम थायोसल्फेटला उताऱ्याचा मान आहे. प्रत्यक्षात तो वाद काही महिने चालला आणि पूर्ण मिटला असं आजही म्हणता येत नाही. भोपाळचे न्यायवैद्यक तज्ज्ञ हिरेश चंद्र यांना शवविच्छेदनात रक्त चेरीसारखं लाल दिसलं, त्यावरून सायनाइडची शंका आली. म्युनिकचे विषतज्ज्ञ मॅक्स डाउंडरर काही दिवसांतच औषध घेऊन आले. थायोसल्फेट हा सायनाइडवरचा जुना उपाय, शिरेतून देतात. कंपनीच्या वैद्यकीय विभागाने आधी सायनाइडवरचा उपचार कळवला आणि मग त्यावरून माघार घेतली. टाकीतलं तापमान मिकपासून हायड्रोजन सायनाइड होण्याइतकं चढलं का, हा रासायनिक प्रश्न. सायनाइड मान्य केलं तर भरपाईचा आकडा काय होईल, हा दुसरा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) १९८५ च्या सुरुवातीला चाचणी घेतली, लघवीतलं थायोसायनेट मोजलं आणि औषधाच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी जूनमध्ये पीडितांना हे इंजेक्शन देणाऱ्या जन स्वास्थ्य केंद्रावर पोलिसांचा छापा पडला. उतारा आला आणि माणसं उठून बसली, असा सरळ धागा यात कुठेच नाही.

---

नवाकोरा

छापा?! औषध देतात म्हणून? हे कोणत्याच चित्रपटात कसं नाही?

---

तारीखपेतारीख

कारण तो जून १९८५ आहे आणि चित्रपट ३ डिसेंबरच्या सकाळी संपतात. सकाळनंतरचं सगळं माझ्या खात्यात येतं, म्हणून थोडं लांबवतो.

आधी मृतांचे आकडे. सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९. मध्य प्रदेश सरकारचा नंतरचा ३,७८७. भरपाईसाठी मान्य झालेले मृत्यू ५,२९५. पीडितांच्या संघटनांचे अंदाज १५ हजारांच्या पुढे. २००६ मध्ये सरकारने दिलेल्या प्रतिज्ञापत्रात जखमी ५,५८,१२५. चित्रपटाच्या शेवटी काळ्या पाटीवर यांतला एखादा आकडा येतो आणि ‘खरा आकडा’ असा आव आणतो. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे: त्या दिवसांत किती, नंतर नोंदणीत किती, कोणाचा दावा टिकला. दावा टिकायला कागद लागतात, आणि त्या वस्त्यांतल्या लोकांकडे कागद कुठले?

फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड, रुपयांत सुमारे ७१५ कोटी. बहुसंख्य जखमींच्या वाट्याला आले पंचवीस-पंचवीस हजार. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचं कलम उतरवून निष्काळजीपणाचं, ३०४-अ, ठेवलं. त्याची कमाल शिक्षा दोन वर्षं. ७ जून २०१० ला भोपाळच्या न्यायालयाने तीच दिली, दोषींत भारतीय कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष केशुब महिंद्र आणि व्यवस्थापकीय संचालक विजय गोखले होते. १४ मार्च २०२३ ला वाढीव भरपाईची क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे अंतिम निकालानंतरची शेवटची याचिका, फेटाळली गेली.

युनियन कार्बाइडचे तेव्हाचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांचा प्रसंग मात्र नाट्यमय आहे आणि कागदोपत्री आहे. ७ डिसेंबर १९८४ ला मुंबईहून महिंद्र आणि गोखले यांच्यासोबत भोपाळला उतरले, अटक झाली, कंपनीच्याच विश्रामगृहात ठेवलं, २५ हजारांच्या जामिनावर सुटले आणि राज्य सरकारच्या विमानाने त्याच दिवशी दिल्लीला. ते पुन्हा भारतीय न्यायालयासमोर आले नाहीत. २०१४ मध्ये वारले.

आणि राजकुमार केसवानी. पडद्यावर जो पत्रकार दिसतो तो त्यांच्यावर बेतलेला असतो. तो गुपचूप आत शिरतो, पुरावे मिळवतो, वेळेशी शर्यत लावतो. खरे केसवानी शर्यत लावत नव्हते, त्यांच्याकडे दोन वर्षं होती. १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांनी ‘रपट’ या आपल्या साप्ताहिकात तीन लेख लिहिले. एकाचा मथळा ‘ज्वालामुखी के मुहाने बैठा भोपाल’. जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’त पुन्हा लिहिलं. सगळं छापलं गेलं, वाचलंही गेलं, आणि कोणी जागचं हललं नाही. कथेत पत्रकाराचं लिखाण दडपलं जातं, कारण दडपलं की नाट्य होतं. न दडपता वाया जाणं हे त्याहून वाईट आहे, आणि ते कोणाला लिहिता आलेलं नाही.

---

ओवी

कोणालाच नाही असं नाही. म्हणूनच ‘अ‍ॅनिमल्स पीपल’वर बोलायचंय.

सिन्हांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे भोपाळ हे नाव काढलं. शहराचं नाव खौफपूर, कंपनी म्हणजे नुसती ‘कंपनी’. निवेदक ‘अ‍ॅनिमल’ एकोणीस वर्षांचा. वायूने पाठीचा कणा वाकला म्हणून चार पायांवर चालणारा, शिवराळ, वाचकालाच दटावणारा. त्या रात्री तो तान्हा होता, म्हणजे त्याला ती रात्र आठवतच नाही. केवढी युक्ती आहे ही! निवेदकाकडे रात्रच नसल्यामुळे कादंबरीला आपोआप नंतरच्या वीस वर्षांत राहावं लागतं: तारखा, मोफत दवाखान्यावर गावाचा संशय, विहिरींचं पाणी, बाहेरून कहाणी गोळा करायला येणारे लोक. कल्पितच आहे, तरी तारीखपेतारीख यांच्या पोस्टला सगळ्यात जवळचं. नळ्यांचा त्यात तपशील शून्य, झडपवाला नाराज होतील.

---

कागदफूल

आता कुंपणावरचं पुस्तक. लापिएर-मोरो यांनी शेकडो मुलाखती घेतल्या, कारखान्याच्या उभारणीपासून सगळं येतं, मिक कसं बनतं तेही नीट समजतं. पण ओरिसातून आलेलं एक कुटुंब, त्यातली पद्मिनी, तिचं लग्न आणि त्याच रात्रीची गळती, अशी चौकट चढवली की वाचणाऱ्याला कळत नाही, हा संवाद कोणी ऐकला होता? माणसाच्या मनात काय आलं हे लेखकाला कोणी सांगितलं, की सुचलं? कादंबरीत हा प्रश्न पडत नाही, अहवालात उत्तर तळटीपेत असतं. इथे प्रश्न पडतो आणि तळटीप नसते. पहिलं पुस्तक म्हणून द्यायला हरकत नाही. वाद घालताना मात्र त्यातलं वाक्य पुरावा म्हणून आणू नये. मागच्या एका धाग्यावर तसं झालं होतं.

क्रम विचारणाऱ्यांसाठी: आधी ‘भोपाल एक्सप्रेस’, मग चौहान, मग १९८८ चा निबंध, मग सिन्हा. मालिका कधीही. पण त्यातल्या गाडीच्या प्रसंगाआधी लूपलाइन यांची पोस्ट वाचावी.

---

लूपलाइन

हे बरंय, आता मालिकेला जोडून माझं परिशिष्ट.

एक राहिलंच. ‘ऑपरेशन फेथ’वर कोणी काही केलंय का? १६ डिसेंबर १९८४ पासून उरलेल्या टाक्यांमधल्या मिकचं सेविन कीटकनाशक बनवून ते संपवलं, आणि त्या भीतीने शहर दुसऱ्यांदा रिकामं झालं. गाड्यांच्या टपांवर माणसं होती.

---

झडपवाला

माझ्या माहितीत कोणी पूर्ण केलेलं नाही, आणि खरी उत्कंठा तिथेच आहे. तोच कारखाना, तीच माणसं, तेच रसायन, आणि या वेळी सगळं नीट. स्क्रबर चालू, भोवती ओल्या गोणपाटांचे पडदे, वरून हेलिकॉप्टरने पाणी. आठवडाभरात काम संपलं. ज्या यंत्रणा ३ तारखेला मेल्या होत्या त्या १६ तारखेला जिवंत करता आल्या.

---

तारीखपेतारीख

आणि टाक्यांबाहेरचा कचरा? आवारात साठवलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून पीथमपूरला नेला आणि २०२५ च्या मध्यापर्यंत जाळला. जमिनीखालच्या पाण्याचा प्रश्न त्यात मोजलेला नाही.

---

नवाकोरा

झडपवाला काका, ‘स्फोटाचं नंतर’ म्हणाला होतात. टाकी फुटली तेव्हा आसपासचे लोक त्यानेच गेले का?

---

झडपवाला

टाकी फुटलीच नाही. स्फोट नव्हताच. अंगावर माती आणि काँक्रीट घेतलेली जाड स्टेनलेस पोलादाची टाकी होती. वरचं काँक्रीट तडकलं, टाकी थरथरली, आत २०० च्या वर तापमान गेलं, तरी ती टिकली. वायू गेला तो सुरक्षा झडपेतून, नळीतून, बंद स्क्रबरमधून, म्हणजे आखून दिलेल्या वाटेनेच. किती गेला याचे अंदाज २७ पासून ४० टनांपर्यंत आहेत. नंतर ती टाकी उकरून बाहेर काढली. कारखान्याच्या आवारात गवतात आडवी पडलेली असते, गंजलेली, पण अख्खी.